परत फिरण्याचा हक्क

आल्या वाटेने परत जाण्याकरिता चौकात गाडी पूर्ण वळविणे, ज्यास आता सर्वत्र ‘यू-टर्न’ म्हणतात, ही केवळ दंडाची बाब नसून न्यायाचीही आहे, असे आम्हांस वाटते. २०१७ सालच्या मोटार वाहन चालन विनियमांचे सांगणे थोडक्यात असे की, मनाई असेल तेथे वळू नये. मनाई नसेल तेथे उजवीकडे वळण्याचा इशारा द्यावा, आरशातून मागे पाहावे आणि रस्ता निर्धोक असल्यासच वळावे. यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बाजूच्या रस्त्यास जाणारा आणि पूर्ण परत फिरणारा, या दोघांचाही इशारा एकच आहे. समोरून येणाऱ्यास वाटते, ही गाडी आडव्या रस्त्याने निघून जाईल. ती मात्र त्याच्याच पुढ्यात येऊन ठाकते. ज्याचे बोलणे असे अर्धवट राहते, त्यानेच थांबले पाहिजे. ‘मी दिवा लावला होता’ असे मागाहून सांगणारा मनुष्य सूचना आणि संमती यांत गल्लत करतो.

वळण चुकले तर पुढच्या चौकापर्यंत जावे लागते. दोन मिनिटे जातात. ती दोन मिनिटे कोणी सोसावयाची, एवढाच खरा प्रश्न. पुढे जाणारा ती स्वतः सोसतो. मध्येच फिरणारा ती दहा अनोळखी माणसांत वाटून टाकतो; आणि त्यांत रस्ता ओलांडणारी एखादी म्हातारी असली, तर तिच्या वाट्यास केवळ मिनिटेच येतील असेही नाही.

यावर कोणी म्हणेल की, पोलीस नसला म्हणजे नियमही नाही, हा तर लोकस्वभावच. सोलापुरास तरी हे म्हणणे शोभत नाही. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी येथे गोळीबार झाला, आणि ९ ते ११ मे या तीन दिवसांत शहरात पोलीस असे उरलेच नाहीत. त्या दिवसांत सुव्यवस्था आणि रहदारी काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. सरकारचा कायदा मोडावयास निघालेल्या लोकांनी चौकातील व्यवस्था मात्र राखावी, यात विसंगती मुळीच नाही. सत्याग्रही कायदा उघडपणे मोडतो व शिक्षा आपल्या अंगावर घेतो. पोलीस दिसत नाही हे पाहून गाडी फिरविणाऱ्याचे दोन्ही बाबतींत उलटे असते.

मग मध्यरात्री रस्ता ओस असता मनाईची पाटी पाळावी काय? पाळावी, कारण ओस म्हणजे आपल्या दिव्यांच्या उजेडात दिसतो तेवढाच ओस, आणि बिनदिव्याची सायकल त्या उजेडात असेलच असे नाही. मात्र नियम करणाऱ्यांनाही येथे दोन शब्द ऐकविणे अवश्य आहे. दुभाजक घालून परतीची वाट फार लांब नेली, तर उलट्या बाजूने गाड्या हाकणारे निपजतात, आणि त्या पापाचा काही वाटा रस्त्याची आखणी करणाऱ्यांकडे जातो. तशी पाटी रोवण्यापूर्वी त्यांनी तो फेरा एकदा स्वतः, तोही भर उन्हाळ्यात दुपारी, घालून पाहावा.