इकडे सर्व खुशाल

आंबोलीच्या पावसात वाचायला वेळ भरपूर मिळतो. दिवे जातात, एसटी उशिरा येते, कपडे चुलीवर सुकवावे लागतात. अशाच एका पावसाळ्यात आम्ही काही जणींनी मिळून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचली. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी रविवारी मिस्सानंतर इतरांना पुढची गोष्ट सांगायची, असे ठरले होते. कादंबरी क्रिस्टिन हॅना या अमेरिकन लेखिकेची, ‘द नाइटिंगेल’ (२०१५). दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समधल्या दोन बहिणींची ही कथा. आम्ही रडलो, हे कबूल करतो. काही प्रसंग मुद्दाम रडवण्यासाठीच रचले आहेत, असेही वाटले. पण एका प्रश्नावरून आमच्यात चक्क भांडण झाले. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवतो.

धाकटी बहीण इझाबेल ही शूर. पाडलेल्या विमानांतील वैमानिकांना ती पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोहोचवते. अशी एक तरुणी खरोखरच होती, बेल्जियमची आंद्रे द याँग. ती छळछावणीतून जिवंत परतली आणि पुढे आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिली. तिच्याविषयी दुमत नव्हते.

भांडण झाले ते थोरलीवरून. व्हियान शाळेत शिक्षिका. नवरा शत्रूच्या कैदेत, पदरात लहान मुलगी आणि घरात मुक्कामाला जर्मन कॅप्टन. शाळेतले ज्यू शिक्षक कोण, असे तो विचारतो. ती घाबरून नावे लिहून देते, त्यात जिवलग मैत्रीण रेचेलचेही. लिहिलेले एक अक्षरही खोटे नाही. रेचेलची नोकरी जाते आणि पुढे तिला धरून नेतात. मग हीच व्हियान रेचेलच्या लहानग्याला खोटे नाव देऊन आपला म्हणून वाढवते. इतर ज्यू मुलांसाठी खोटे कागद बनवते, आणि कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियर त्या मुलांना अनाथाश्रमात लपवतात.

म्हणजे खरे सांगितले तेव्हा घात झाला आणि खोटे सांगितले तेव्हा लेकरे वाचली. आठव्या आज्ञेचे काय करायचे?

खोटे ते खोटेच, असे आमच्यातली एक जण ठामपणे म्हणाली. तिच्या पाठीशी संत ऑगस्टिन आहेत. त्यांनी थागास्तेचे बिशप फर्मस यांची हकिकत सांगितली आहे. बिशपांनी आश्रयाला आलेल्या माणसाला लपवले. शिपाई आले तेव्हा, मी खोटे बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही, एवढेच ते म्हणाले. छळ सोसला, पण बधले नाहीत. थोर माणूस! पण फर्मस यांना स्वतःचा देह पुढे करता आला. व्हियानने तसे उत्तर दिले असते तर छळ कोणाच्या वाट्याला आला असता? निरुत्तर राहण्याची चैन घरात मूल असलेल्या बाईला परवडत नाही. दुसरीने निर्गम ग्रंथातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींची आठवण दिली. त्या फारोशी सरळ खोटे बोलल्या आणि देवाने त्यांचे भले केले. शिवाय आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याबद्दल आहे, आणि रेचेल तर शेजारीणच. आमच्या मते व्हियानने आज्ञा मोडली असेल तर ती खरी नावे लिहिताना.

इथवर बहुतेक जणींचे जमले. पुढचे कठीण. युद्धात घरात राहिलेल्या दुसऱ्या एका जर्मन अधिकाऱ्याने व्हियानवर बलात्कार केला. त्यातून झालेल्या मुलाला ती जन्मभर खरे सांगत नाही. आता घरात शत्रू नाही. मग हे मौन कोणाच्या रक्षणासाठी? मुलाच्या, की स्वतःच्या?

आमच्यातल्या सर्वांत वयस्क मावशी तोवर गप्प होत्या. आंबोली आणि शेजारचे चौकुळ ही फौजी गावे. आंबोलीचे पांडुरंग गावडे मे २०१६ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले; त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. मावशींचा नवराही फौजेतच होता. पाकिटावर गावाचे नाव नसायचे, नुसता एपीओचा आकडा. एका पावसाळ्यात त्यांच्या घराची भिंत पडली, सासू अंथरुणाला खिळली, आणि पत्रात मावशींनी लिहिले, ‘इकडे सर्व खुशाल आहे, काळजी नसावी.’

“लिवन काय उपेग?” त्या म्हणाल्या. “तेका रजा गावली नसती, झोप तेवढी गेली असती.”

आणि तो घरी आल्यावर?

“पयल्याच राती सगळा सांगलंय. तेनाय सांगल्यान. तो थंय तीन म्हयने इस्पितळात होतो, आणि माका लिवता, हय सर्व खुशाल.”

सगळ्या हसल्या. मग कोणीतरी विचारले, व्हियानवर आला तसा प्रसंग असता तर, तेही पहिल्या रात्री सांगितले असते?

मावशी बराच वेळ बाहेरच्या धुक्याकडे बघत राहिल्या.

“ता माका इचारू नकात,” त्या म्हणाल्या.