दिवाणखान्यातला आवाज कोणाचा?

इंदूरमधील आमच्या घराची बैठकीची खोली आजवर चार पिढ्यांनी वापरली. आजोबांच्या काळी तिथे गादी-तक्के होते. वडिलांच्या काळी लाकडी पेटीचा रेडिओ आला. पुढे दूरदर्शन संच आला आणि १९८७-८८ मध्ये 'रामायण' लागे तेव्हा अर्धी गल्ली त्या खोलीत दाटीवाटीने बसे. त्या काळी आवाज एकाच ठिकाणाहून येई आणि ज्याला जिथे जागा मिळेल तिथून तो ऐके. कोणाला अधिक चांगले ऐकू यावे, हा प्रश्न कोणाच्या मनात आल्याचे मला आठवत नाही.

गतवर्षी दिवाळीपूर्वी आमच्या चिरंजीवांनी त्या खोलीचा एक नकाशा माझ्यापुढे ठेवला. घरात 'होम थिएटर' बसवण्याचा त्याचा मानस होता. खर्च सर्वस्वी त्याचा. नकाशाच्या मध्यभागी एक खुर्ची होती. तिच्यासमोर पडद्याच्या मध्याशी एक स्पीकर. डावी-उजवीकडे, मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर एकेक. श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे, सुमारे ११० अंशांवर आणखी दोन. आणि कोपऱ्यात खर्जाचा सबवूफर. ही रचना शास्त्रशुद्ध आहे. ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ ज्या मांडणीत बसून ध्वनीचे मिश्रण करतात, तीच घरी उभी केली म्हणजे त्यांनी ऐकले ते आपल्यालाही ऐकू येते.

त्याची बाजू दुबळी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. आजचे टी.व्ही. संच इतके पातळ झाले आहेत की त्यांतील स्पीकर बोटभर जागेत, बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यांतून खर्ज येत नाही. "बाबा, तुम्ही अमीर खाँसाहेबांचा विलंबित या टी.व्ही.वर लावता आणि अर्धा खाँसाहेब ऐकता," असे तो म्हणाला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ज्या शहराच्या नावाने खाँसाहेबांचे घराणे ओळखले जाते, त्याच शहरात त्यांचा मंद्र सप्तक असा गाळून ऐकावा, हे काही भूषणावह नव्हे. चांगले ऐकण्याची इच्छा ही चैन नाही. ती एक प्रकारची रसिकतेची निष्ठाच आहे.

तरीही तो नकाशा पाहताना मन अडखळले. डाव्या हाताच्या मागच्या स्पीकरची घोडी जिथे उभी राहायची होती, ती माजघराच्या दाराजवळची जागा माझ्या आईच्या खुर्चीची होती. आईचे वय ८४. ती खुर्ची नकाशात नव्हती. मुलाने ती हेतुतः वगळली होती असे मुळीच नाही. खरी गोष्ट याहून अवघड होती. गेले काही महिने आई संध्याकाळी त्या खुर्चीवर बसतच नव्हती आणि तिचे न बसणे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

येथूनच मला या प्रश्नाचे नैतिक अंग दिसू लागले. खोली सर्वांची आहे, हे आपण सहज म्हणतो. पण त्या खोलीतला आवाज कोणाचा? यंत्राचे पैसे ज्याने दिले त्याचा, असे म्हणावे तर यंत्र त्याचे ठरते. आवाज मात्र विकत घेता येत नाही. चित्र नको असेल तर मान वळवता येते, पुस्तक नको असेल तर मिटता येते. कानाला पापणी नाही. आपल्या वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि आकाश एक, सर्वव्यापी व अखंड मानले. कान म्हणजे तरी काय, तर कर्णविवराने मर्यादित झालेले तेच आकाश. आजचे भौतिकशास्त्र ध्वनीचा संबंध आकाशाशी नव्हे तर हवेच्या कंपनांशी जोडते. तथापि त्या जुन्या विचारातले एक मर्म मला आजही खरे वाटते. आवाजाच्या बाबतीत तुझे आणि माझे असे कुंपण घालता येत नाही. एकाने निर्माण केलेला आवाज तत्क्षणी सर्वांचा होतो, मग तो सर्वांना हवा असो वा नसो.

घराच्या भिंतीपलीकडचा विचार कायद्याने केला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मानकापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही ठरवले. आमची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, आणि तीव्र स्वर भिंतीने बरेच अडतात पण खर्ज अडत नाही. म्हणून सबवूफरचा कोपरा बदलावा लागेल, हे मुलाने तात्काळ मान्य केले. परंतु कायदा सीमेवर थांबतो. आई आणि नातू, परीक्षेचा अभ्यास करणारी नात आणि दिवसभराच्या कामाने शिणलेली सूनबाई, यांच्यामधली सीमा कोणत्याही नियमपुस्तकात आखलेली नाही. ती आपली आपणच आखावी लागते.

मी आईला विचारले, "हल्ली बाहेर का बसत नाहीस?" ती प्रथम टाळू लागली. मग म्हणाली, "ऐकू येतं रे, पण बोललेलं कळत नाही. आणि आवाज वाढवा म्हटलं की त्या मारामाऱ्याही वाढतात. कशाला सगळ्यांना त्रास?"

तिच्या या दोन वाक्यांत श्रवणशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहे. वयानुसार प्रथम तीव्र कंप्रतेचे ऐकणे मंदावते. स्वर ऐकू येतात. पण स, श, त, फ यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर शब्दाची ओळख अवलंबून असते, ती निसटतात. आवाज वाढवला की स्फोट आणि पार्श्वसंगीतही तितकेच वाढते. शिवाय आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आईला चार शब्द कळावेत म्हणून घरभर वादळ उठवावे लागे. तिने ते वादळ नाकारले आणि त्यासोबत संध्याकाळही सोडून दिली.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात असा विचार मांडला की, विषमता न्याय्य ठरायची तर ती सर्वांत कमी वाट्याला आलेल्यांच्याही हिताची असली पाहिजे. हा विचार समाजाच्या मूलभूत रचनेविषयी आहे. तो दिवाणखान्यात आणणे कोणाला अस्थानी वाटेल. कुटुंब करारावर चालत नाही, मायेवर चालते, असा आक्षेपही घेता येईल. परंतु माझा अनुभव असा की मायेला आकडेमोड येत नाही. आमच्या घरात मायेची वाण नव्हती, तरी एक खुर्ची रिकामी झाली. जो आपली गैरसोय बोलून दाखवत नाही, त्याचा हिशोब माया करीतच नाही. कारण ती सर्व काही ठीक आहे असे गृहीत धरते. अशा वेळी न्यायबुद्धीने मायेला एक साधा प्रश्न विचारावा लागतो: या मांडणीत सर्वांत कमी कोणाला मिळते आहे?

याला एक सोपे उत्तर आज उपलब्ध आहे. प्रत्येकाने आपापला हेडफोन लावावा. नातीने अभ्यासासाठी तो मार्ग कधीच पत्करला आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण तोच सर्वांचा मार्ग झाला तर वाद मिटेल आणि ज्यासाठी वाद होता ती खोलीही मिटेल. एका छपराखाली पाच जण पाच आवाज ऐकत बसतील. सामाईक जागेचा मोल तिथल्या सोयीत नाही. तिथे एकमेकांसाठी थोडी गैरसोय सोसावी लागते, यात आहे.

मुलाने नकाशा पुन्हा काढला. या वेळी प्रथम पाच जणांच्या बसण्याच्या जागा काढल्या, मग स्पीकर. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून सर्वांत चांगला स्पीकर तिथे घ्यायचा आणि त्याचा आवाज इतरांहून दोन-तीन डेसिबल वर ठेवायचा, असे ठरले. रात्री स्फोट आणि कुजबुज यांतले अंतर कमी करण्याची सोय यंत्रातच असते. ती नऊनंतर चालू. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून आसनांच्या गाद्या आणून-नेऊन एका व्याख्यानगृहाचा घुमारा मोजला होता. आम्ही अडगळीतली जुनी सतरंजी अंथरली, जाड पडदे लावले, आणि उघड्या फरशीवरून घुमणारे शब्द बरेच स्पष्ट झाले. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर आणि बेताच्या आवाजात. आईची खुर्ची दारातून पुढे, मधल्या स्पीकरच्या समोर आली. मागचे दोन स्पीकर मात्र रद्द झाले, कारण त्यांच्या योग्य जागी माणसे बसतात.

आई आता बहुतेक संध्याकाळी येते. सारेच कळते असे नाही, कधी नातीला "काय म्हणाला तो?" असे विचारते आणि नात हेडफोन काढून सांगते. मी पहाटे खाँसाहेब ऐकतो, खर्जासह.

एक गोष्ट मात्र हिशोबात राहून जाऊ नये. मुलाला जे हवे होते, ते त्याला मिळाले नाही. मधल्या खुर्चीत बसून चोहोबाजूंनी आवाजाने वेढले जाण्याचा जो आनंद त्याने मनात योजला होता, तो खरा होता आणि त्याने तो सोडला. न्याय्य निर्णयातही कोणीतरी काही गमावतोच, आणि निर्णय न्याय्य होता म्हणून ते गमावणे लहान होत नाही. आईचे मौन जसे आम्ही इतके महिने समाधान समजलो, तसेच त्याचे मौनही समजण्याचा धोका आहे. घरात हे त्याला कोणी म्हटले नाही, मीही नाही. म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.