शिफारस मुलाची की शाळेची?

अमेरिकेत बारावीचं मूल असलेल्या घरांना १ नोव्हेंबरची धास्ती असते. अनेक नामवंत कॉलेजांच्या पहिल्या फेरीचे अर्ज त्या दिवशी बंद होतात. निबंध मुलाने लिहायचे, गुण त्याने मिळवलेले. एक कागद मात्र त्याच्या हातात नसतो. तो म्हणजे शाळेतल्या काउन्सेलरचं पत्र. एक हजाराहून अधिक कॉलेजांना एकाच खिडकीतून अर्ज करू देणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये या पत्राला स्वतंत्र जागा आहे. कॉलेजात दाखल झाल्यावर आपल्या फाइलमधलं असं पत्र पाहण्याचा हक्क १९७४ च्या फेर्पा कायद्याने विद्यार्थ्याला दिला. पण अर्ज भरतानाच तो हक्क सोडून दे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पत्र गुप्त असलं की कॉलेजचा त्यावर जास्त विश्वास बसतो म्हणे.

कटऑफच्या यादीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना या पद्धतीचा हेवा वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात सरसकट ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. वडिलांच्या आजारपणात एखाद्या मुलीने दोन वर्षं घर ओढलं, हे सीईटीच्या पर्सेंटाइलला कळत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजला ते कळू शकतं, कारण तिथे ते सांगणारा माणूस नेमलेला आहे. कल्पना उत्तमच आहे. पण हा माणूस त्या मुलीला ओळखतो का?

एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत, अशी अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस आहे. २०२३-२४ मध्ये देशातल्या शाळांची सरासरी ३७६ होती. आदर्श आकडा धरला, तरी हायस्कूलच्या चार इयत्तांपैकी बारावीची साठेक मुलं एकाच्या वाट्याला येतात. त्यांची पत्रं लिहीत असतानाच विषयांची अदलाबदल, दादागिरीच्या तक्रारी, खचलेल्या मुलांची समजूत, हेही त्यालाच पाहावं लागतं. मग तो घरी प्रश्नावली पाठवतो. तिला तिथे ‘ब्रॅग शीट’ म्हणतात. ‘तुमच्या मुलाचं वर्णन तीन विशेषणांत करा’ हा त्यातला ठरलेला प्रश्न. न्यू जर्सीतल्या मराठी घरात त्याचं उत्तर काय जाणार? मेहनती, नम्र, जबाबदार. स्वतःच्या लेकराचे गोडवे गायचे नसतात, हे आपल्या अंगात मुरलेलं. महिनाभराने हीच विशेषणं शाळेच्या लेटरहेडवर कॉलेजात पोहोचतात आणि तिथे ती तटस्थ साक्ष म्हणून वाचली जातात.

महागड्या खासगी शाळांत चित्र वेगळं असतं. तिथे कॉलेज प्रवेशासाठी स्वतंत्र काउन्सेलर असतो, त्याच्याकडे मुलं मोजकी असतात आणि त्याच्या पत्रात प्रसंग असतात, मुलाचा स्वभाव दिसतो. दोन पत्रं शेजारी ठेवली तर फरक मुलांत आहे असं वाटतं. खरं तर तो शाळांच्या अंदाजपत्रकात असतो.

या पद्धतीचा इतिहासही फारसा निर्मळ नाही. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ (२००५) या ग्रंथात तो तपशीलवार मांडला आहे. १९२२ मध्ये हार्वर्डच्या पहिल्या वर्षात ज्यू विद्यार्थी एक पंचमांशाहून अधिक झाले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना त्यांच्यावर मर्यादा घालायची होती. उघड कोट्याला विरोध झाला. मग चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, शिफारसपत्रं आणि अर्जदाराचा फोटो यांचं वजन वाढवण्यात आलं. मोजता येत नाही अशी कसोटी हवी तशी वाकवता येते. पुढे आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो, अशा आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात त्या मुलांना ‘पर्सनल रेटिंग’, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचं मानांकन, कमी मिळतं, हे आकडेवारीतून समोर आलं. २०१९ च्या निकालात न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी हार्वर्डच्या बाजूने कौल दिला. पण या तफावतीमागे शिक्षकांची आणि काउन्सेलरांची पत्रंही काही अंशी असावीत, असं त्यांनी नोंदवलं. मेहनती आणि नम्र या शिक्क्यांची किंमत आपल्याच मुलांनी मोजली असेल, तर ही चर्चा आपल्याला परकी नाही.

मग पत्रच नको का? कॅलिफोर्निया विद्यापीठाने जवळपास तसंच ठरवलं आहे. मोजके अपवाद सोडले तर ते शिफारसपत्र मागत नाही. आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं मुलानेच द्यायची. मला हा मार्ग अर्धाच पटतो. अकरावीत गुण का घसरले, हे मुलाने सांगितलं तर सबब वाटते. शाळेने सांगितलं तर माहिती ठरते. शिवाय काही गोष्टी सतराव्या वर्षी स्वतःच्या तोंडून सांगवत नाहीत.

त्यामुळे पत्र राहावं, पण त्यातून मुलाचं गुणवर्णन जावं. शाळेत कोणते विषय शिकवलेच जात नाहीत, मुलगा शाळा सुटल्यावर नोकरीला जातो का, घरावर कोणता प्रसंग ओढवला होता, एवढंच कॉलेजने विचारावं. हे सांगायला दाट ओळख लागत नाही. नोंदी लागतात आणि एक प्रामाणिक भेट पुरते.

आपल्याकडून तिकडे अर्ज करणाऱ्या मुलांची गत तर आणखी विचित्र आहे. नाव ज्युनिअर कॉलेजात आणि दिवस क्लासमध्ये, अशी दोन वर्षं काढलेल्या मुलाला पत्र कोण देणार? ‘ड्राफ्ट करून आण, सही करून देतो,’ असं सर सांगतात, आणि त्यांचंही चूक नाही. हा मुलगा त्यांनी पाहिलेलाच नसतो. मग पैसे घेऊन लिहून देणारे सल्लागार पुढे येतात आणि ज्याला ते परवडतात त्याचं चारित्र्य उजळ निघतं.

पालकांच्या हातात थोडंच आहे, पण तेवढं करता येतं. ब्रॅग शीटवर विशेषणाऐवजी घडलेली गोष्ट लिहावी, आणि शाळेला ताडून पाहता येईल अशी लिहावी. कॉलेजांनी मात्र एक पथ्य पाळायला हवं: ज्या ओळखीसाठी समाजाने वेळ आणि माणूस दिलेला नाही, तिच्या जोरावर मुलाचा निवाडा करू नये.