अक्षरांवर पाय

गेल्या दिवाळीत नातवाने अंगणात मातीचा किल्ला केला आणि खरा किल्ला पाहण्याचा हट्ट धरला. म्हणून त्याला वसईच्या किल्ल्यात नेले. चिमाजीआप्पांचा पुतळा झाला, बुरुज झाले, आणि मग सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्ये शिरलो. तिथल्या जमिनीत पोर्तुगीज मानकऱ्यांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. स्वारी उड्या मारीत पुढे चालली होती, ती एकदम एका पायावर थांबली.

"आजोबा, खाली अक्षरं आहेत!"

पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा, ही आमच्याच घरची शिकवण. त्याने वाकून शिळेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मी म्हणालो, "अरे, हे आपले शत्रू होते."

"पण अक्षरं?"

मी गप्प झालो. तसे पाहिले तर चर्चच्या जमिनीत ज्याने स्वतःला पुरून घेतले, त्याला येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागणार हे ठाऊकच होते. त्यात नम्रता असेल. मात्र घराण्याचे चिन्ह कोरवून घ्यायला ही मंडळी विसरली नाहीत! पण ते पाय प्रार्थनेला येणाऱ्यांचे. सहलीला आलेल्या आमच्या चपलांना त्यांनी कुठे संमती दिली होती?

आणि शत्रू तरी कोण? याच किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चमधील एका शिळेवरचा मजकूर जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली आपल्या पुस्तकात छापला आहे. इझाबेल द आगियार, विधवा, तिथल्या विद्यालयाला साहाय्य करणारी; मृत्यू १५९१. चिमाजीआप्पा जन्माला येण्यापूर्वी शंभरावर वर्षे ही बाई मातीखाली गेली. तिचे आमचे कसले भांडण?

मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा शरण आलेल्यांना बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह जाऊ दिले. जिवंत शत्रूला वाट देणे आपल्याला जमले. मेलेल्याचे सर्वांनाच अवघड जाते. अमेरिकेत गेटिसबर्गला १८६३ मध्ये लिंकनने ज्या स्मशानभूमीत भाषण केले, ती त्याच्या बाजूच्या सैनिकांसाठी होती. दक्षिणेचे हजारो सैनिक शेतांतल्या उथळ खड्ड्यांत राहिले. पुढे १८७१ ते १८७३ च्या सुमारास त्यांच्या अस्थी दक्षिणेत नेल्या.

आमच्या बाजूची गोष्ट आणखी निराळी. चिमाजीआप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. त्यांची समाधी पुण्याला ओंकारेश्वरापाशी आहे. पण तटाला सुरुंग लावताना, खिंडारात चढताना जे पडले, त्यांच्या नावाची शिळा मला किल्ल्यात कुठे दिसली नाही. हरलेल्यांची नावे पायाखाली, जिंकलेल्यांची कुठेच नाहीत. नातवाने तेही विचारले, "आपले कुठे आहेत?" मी खाडीकडे हात केला. का केला, ते माझे मलाच कळले नाही.

निघताना मी चपला काढून हातात घेतल्या. ऑक्टोबरचे ऊन होते, दगड तापले होते. दोन शिळा कशाबशा ओलांडल्या आणि पाय भाजू लागले, तशा पुन्हा पायांत घातल्या. नातू मात्र शिळा चुकवीत, भिंतीच्या कडेकडेने, दारापर्यंत गेला.