थांब असे कोणी म्हणावे?

वयाने थकलेल्या मुष्टियोद्ध्याने ऐन उमेदीतील जगज्जेत्यास आव्हान द्यावे काय, हा प्रश्न वरकरणी क्रीडेचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे असले, तरी ते हवे तसे उधळण्याचा अधिकार त्याला आहे काय? आणि तो ते उधळीत असताना पाहत बसणाऱ्या इतरांचे काय? प्रश्नाचा हवेत ऊहापोह करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष लढतीकडे पाहिलेले बरे.

२ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील लास वेगस येथे, एका हॉटेलच्या वाहनतळावर उभारलेल्या तात्पुरत्या प्रेक्षागारात मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. अली ३८ वर्षांचा. होम्स ३० वर्षांचा आणि तोवर अपराजित. अलीने १९७८ साली लिऑन स्पिंक्सला नमवून जगज्जेतेपद तिसऱ्यांदा मिळविले होते व पुढच्या वर्षी निवृत्तीही पत्करली होती. पण ऐंशी लाख डॉलरचा करार पुढे आला, आणि त्याहूनही मोठा मोह होता तो चौथ्यांदा जिंकण्याचा. त्याने झपाट्याने वजन उतरविले, पिकू लागलेले केस काळे केले. आरशात तरुणपणीचा अली पुन्हा दिसू लागला. थायरॉइडच्या ज्या गोळ्या तो घेत होता त्यांनी त्याच्या अंगातील बळच शोषून घेतले होते, हे मात्र मागाहून उघड झाले.

लढतीपूर्वी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली होती. एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसली नाही, बोटाने नाकाचा शेंडा टिपताना किंचित चूक झाली, अशा नोंदी अहवालात होत्या. तरीही नेवाडा राज्याच्या मंडळाने परवाना दिला. आम्हांस या कथेत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती वाटत असेल, तर ती ही. अलीला मोह झाला हे समजू शकते. ज्यांच्यापुढे कागद होता, त्यांनी तो वाचून सही केली हे समजत नाही.

होम्सची स्थिती आणखीच विचित्र. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या एका गरीब घरातील बारा भावंडांपैकी तो एक. शाळा लवकर सुटली. पुढे अलीच्याच शिबिरात, सरावासाठी त्याच्यासमोर उभा राहून, त्याचे ठोसे खात तो घडला. आता त्याच गुरूवर हात उगारायचा होता, आणि हात आखडता घेतला तर तोही अपमानच ठरला असता. तिन्ही परीक्षकांनी प्रत्येक फेरी होम्सच्या पदरात टाकली. अली उभा होता, पण प्रतिकार जवळजवळ नव्हता. ठोसे मारता मारता होम्स पंचाकडे पाहत होता, लढत थांबवा म्हणून. दहावी फेरी संपल्यावर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी ती थांबविली; त्या क्षणीही अलीच्या गोटातील एक जण आणखी एका फेरीसाठी हट्ट धरून होता. जिंकलेला होम्स त्या रात्री रडला.

असे रडणे पूर्वीही घडले होते. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ३७ वर्षांच्या जो लुईला रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. लहानपणापासून ज्याला आदर्श मानले त्याला पाडून मार्सियानोला अश्रू आवरले नाहीत. मार्सियानो तेव्हा जगज्जेता व्हायचा होता. लुई का लढत होता? त्याच्यावर सरकारी कराचे प्रचंड ओझे होते. याच लुईने १९४२ साली दोन लढतींची कमाई नौदलाच्या व सैन्याच्या साहाय्यनिधीस दिली होती. अशा माणसास ‘लढू नको’ असे सांगणे सोपे. मग त्याचे देणे कोण फेडणार होते?

तर वय झाले म्हणजे माघार, असा सरळ नियम करावा काय? जॉर्ज फोरमन या नियमात बसत नाही. १९७७ साली त्याने मुष्टियुद्ध सोडले आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, मुलांसाठी चालविलेल्या केंद्रास पैसा हवा म्हणून तो परतला. लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवे करून जगज्जेतेपद परत मिळविले. १९७४ साली किन्शासात अलीकडून हरताना घातलेलीच लाल विजार त्या रात्री त्याच्या अंगावर होती. परंतु फोरमन आरशावर विसंबला नव्हता. परतल्यावर कित्येक वर्षे दुय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढून त्याने आपले शरीर पारखून घेतले होते.

गायनमंडळातील एखादे वडीलधारे वरची पट्टी सोडायला तयार नसतात. आपण गालात हसतो आणि वाट पाहतो. तेथे फार तर एक सूर बिघडतो. रिंगणात बिघडतो तो मेंदू. वारंवार डोक्यावर मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या अवस्थेचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच केले होते. उतरत्या वयात ठोसा चुकविणे उशिरा सुचते, आणि मार साचत जातो. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मुष्टियोद्ध्याचा दाखला घेतला, तो शरीरास शिस्त लावण्यासाठी. शरीर गहाण टाकण्यासाठी नव्हे. म्हणून फोरमनला आम्ही दोष देणार नाही, लुईची कीव करू. आणि अलीच्या बाबतीत मात्र त्याला रोखण्याचे अधिकार ज्यांच्या हाती होते, त्यांनाच आधी जाब विचारू.

अली त्यानंतरही थांबला नाही. डिसेंबर १९८१ मध्ये बहामा बेटांवर तो ट्रेव्हर बर्बिकशी लढला व हरला. तेथे आयोजकांची इतकी तारांबळ उडाली होती की फेऱ्यांसाठी गाईच्या गळ्यातील घंटा आणावी लागली. १९८४ साली पार्किन्सनच्या लक्षणांचे निदान झाले. ते होम्सच्या ठोशांमुळेच, असे कोणी म्हणू शकत नाही.

आणि होम्स? २२ जानेवारी १९८८ रोजी तोही २१ वर्षांच्या माइक टायसनपुढे उभा राहिला व चौथ्या फेरीत कोसळला. तेव्हा त्याचे वय होते ३८. टायसन स्वतः नोव्हेंबर २०२४ मध्ये, ५८ व्या वर्षी, २७ वर्षांच्या जेक पॉलशी टेक्सासमध्ये लढला आणि गुणांवर हरला. ते पाहण्यासाठी सत्तर हजारांहून अधिक माणसे जमली होती.