चाल घोड्याची की स्वाराची?

कदम, दुडकी आणि दौड या घोड्याच्या तीन चाली सर्वांच्या ओळखीच्या आहेत. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीने उचलले जातात. एक जोडी उचलून दुसरी टेकण्याच्या मधल्या क्षणी चारही खूर अधांतरी असतात आणि ते जमिनीला लागले की हादरा स्वाराच्या कण्यापर्यंत पोचतो. काही जातींच्या घोड्यांना याखेरीज आणखी एक चाल उपजतच येते. तिच्यात पाय एकामागून एक, चार वेगवेगळ्या ठोक्यांनी पडतात, किमान एक खूर सतत जमिनीवर राहतो आणि पाठ फारशी हलत नाही. मारवाडी घोड्याची रेवाल, आइसलँडच्या घोड्याची तोल्ट, अमेरिकेतल्या टेनेसी वॉकिंग हॉर्सची ‘रनिंग वॉक’, तसेच पेरू आणि पोर्तो रिको इथल्या पासो घोड्यांच्या चाली या एकाच कुळातल्या. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथेही रंग आणि उंचीइतकीच चाल पारखली जाते.

थरोब्रेड वेगासाठी, अरबी घोडा दमासाठी आणि क्वार्टर हॉर्स गुरे वळवण्यासाठी नावाजला गेला. हे गुण लांबून पाहूनही कळतात. चालीच्या घोड्याचा मोठेपणा मात्र खोगिरात बसल्याशिवाय पुरता कळत नाही, आणि प्रश्न उभा राहतो तो इथेच. ज्या गुणाचा अनुभव स्वारालाच येतो, तो गुण घोड्याचा म्हणावा की स्वाराची सोय?

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात सद्गुणाची व्याख्या करताना घोड्याचे उदाहरण घेतले आहे. ज्या गुणामुळे घोडा चांगला ठरतो, उत्तम धावतो, स्वाराला नीट वाहून नेतो आणि शत्रूसमोर ठाम उभा राहतो, तो घोड्याचा सद्गुण, असे त्याचे म्हणणे. यातले धावणे घोड्याचे स्वतःचे आहे. स्वार आणि शत्रू ही मात्र माणसाची भर आहे. माळावरच्या मोकळ्या कळपाला ना कोणाला वाहून न्यायचे असते, ना कोणाच्या लढाईत उभे राहायचे असते. ॲरिस्टॉटलला या तिन्हींत फरक करावासा वाटला नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोरचा घोडा मुळातच माणसाळलेला होता. ही बाजू अगदीच टाकाऊ नाही. हजारो वर्षे माणसाच्या संगतीत घडलेल्या प्राण्याचा स्वभाव त्या संगतीला वगळून सांगता येत नाही.

ती संगत कोणत्या गरजांनी घडली, हे चालीच्या इतिहासात दिसते. मध्ययुगीन युरोपात लांबचा प्रवास खोगिरातूनच होई, त्यामुळे सुखद चालीच्या घोड्याला मोठी किंमत येई. पुढे रस्ते सुधारले, बग्ग्या आल्या, गाडी ओढायला दुडकीचा घोडा बरा ठरला आणि चालीचे घोडे युरोपातून बरेचसे दिसेनासे झाले. आइसलँडसारख्या दूरच्या बेटावर आणि अमेरिका खंडांत ते टिकले. टेनेसीचा घोडा तर दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या सोयीने घडत गेला. दिवसभर घोड्यावरून मळ्यातल्या कामावर नजर ठेवायची, तर पाठ मऊ हवी. त्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या पाठीचा विचार त्या सोयीत नव्हता, हेही इथे नोंदवायला हवे.

तरीही चाल निव्वळ शिकवलेली कसरत नाही. या जातींची शिंगरे खोगीर पाहण्याआधीच आईमागे त्या चालीने चालू लागतात. 2012 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे एक मूळ दाखवले: डीएमआरटी3 या जनुकातला बदल. पायांच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशींवर त्याचा परिणाम होतो. चाल घोड्याच्या शरीरात आहे, हे त्यामुळे पक्के झाले. पण हा बदल इतका पसरला तो माणसाने पिढ्यान्‌पिढ्या तशीच घोडी आणि तसेच वळू निवडले म्हणून. त्याची किंमतही आहे. आइसलँडच्या ज्या घोड्यांत या बदलाच्या दोन्ही प्रती असतात, ते एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकण्याच्या वेगवान चालीत सरस ठरतात, पण त्यांची दुडकी आणि दौड तुलनेने कमी सुबक होते. तेव्हा ‘स्वभावाला धरून असेल ते योग्य’ हा निकष पुरेसा नाही, कारण इथे स्वभावच माणसाच्या आवडीने घडवलेला आहे.

हा प्रश्न सर्वांत उग्र रूपात टेनेसीतच दिसला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रदर्शनांत पुढचे पाय अतिशय उंच उचलणाऱ्या घोड्यांना बक्षिसे मिळू लागली. ही उचल मिळवण्यासाठी काही जण घोड्याच्या खुराच्या वरच्या भागाला मोहरीचे तेल, रॉकेल यांसारखे दाहक पदार्थ चोळून त्यावर साखळ्या बांधत. वेदनेमुळे घोडा पाय टेकताच झटक्याने वर घेई आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत. 1970 मध्ये अमेरिकेने याविरुद्ध कायदा केला, तरी हा प्रकार पुरता थांबला नाही. विशेष म्हणजे स्वाराची सोयही इथे उरलेली नाही. उरला आहे तो फक्त देखावा. अश्वविद्येवर लिहिणाऱ्या झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच बजावले होते की, जबरदस्तीने करवून घेतलेल्या हालचालीत घोड्याला समज नसते आणि सौंदर्यही नसते. चाबकाने नाचवलेल्या नर्तकासारखीच ती गत.

झेनोफोनचा आक्षेप सौंदर्याच्या अंगाने येतो. जैन परंपरा हाच विषय हिंसेच्या अंगाने हाताळते. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. यात भार लादणे सरसकट दोषी धरलेले नाही, दोष अतिभारात आहे. जनावरावाचून संसार चालत नव्हता अशा काळातल्या गृहस्थासाठी केलेली ही मर्यादा आहे, म्हणूनच ती व्यवहारात उतरते. या मोजपट्टीने रेवाल चालीने केलेली रपेट सहज सुटते आणि टेनेसीची साखळी अडकते. पण ही पाचही कृत्ये समोर उभ्या असलेल्या जिवाविरुद्धची आहेत. अजून न जन्मलेल्या शिंगराची चाल आधीच ठरवणाऱ्या पैदाशीबद्दल ती यादी काही सांगत नाही. अशा पैदाशीत अन्याय कोणावर झाला हे सांगणेही अवघड, कारण वेगळी निवड झाली असती तर हे शिंगरू जन्मलेच नसते. इतके मात्र म्हणता येते की, निवडीमुळे जन्मभराची व्यथा पदरी येणार असेल तर ती निवड सदोष आहे. दौड थोडी कमी सुबक होणे ही व्यथा नव्हे.

घोडा स्वारीपुरता नाही, असे मानणाऱ्या श्रद्धाही आहेत. आइसलँडच्या ‘ह्राफ्नकेल’ या सागात, म्हणजे जुन्या कथेत, नायक आपला लाडका घोडा फ्रेयफाक्सी फ्रेय देवाच्या सामाईक मालकीचा करतो आणि परवानगीवाचून त्यावर बसेल त्याला ठार मारण्याची शपथ घेतो. शपथेपायी एका मेंढपाळाचा जीव जातो, आणि शेवटी नायकाचे शत्रू त्या घोड्यालाच कड्यावरून लोटतात. देवाला वाहिल्याने घोडा वाचला नाही, उलट माणसांच्या वैरात ओढला गेला. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढचा अश्व अशाच मोकळ्या पाठीने चालतो, कारण त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रिंगणात तो स्वाराच्या अश्वामागून भरधाव सुटतो आणि त्याच्या टापांखालची माती भाविक कपाळाला लावतात. तिथे त्याची चाल मऊ आहे का, हे कोणी विचारत नाही. पाठीवर माणसाचा भार नसला तरी रिंगण मात्र माणसांनीच आखलेले असते, आणि गर्दीतून त्या वर्तुळात धावण्याची सवय त्यालाही लावावीच लागते.