कानाचे वैष्णवपण



वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की त्या दिवसापासून त्याच्या मुखाला नियम लागतो. अभक्ष्य खायचे नाही, मद्य प्यायचे नाही, खोटे बोलायचे नाही, एकादशी मोडायची नाही. हे सारे आपण पाळतो. पण मुखाच्या दोन्ही बाजूंना दोन कान आहेत, त्यांना माळ कोणी घालावयाची? तोंडाने एकादशीला शेंगदाणासुद्धा मोजून खाणारा मनुष्य कानाने मात्र पुढ्यात येईल ते खातो. अमक्या मंत्र्याची म्हणे दुसरी बायको आहे. तमकी नटी म्हणे अमक्याच्या पैशावर जगते. तो पुढारी आजाराने गेलाच नाही, त्याला घरच्यांनीच विष घातले. दुसरा म्हणे मेलाच नाही, वेष पालटून कुठेसा राहतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक तुळशीपत्र ठेवलेले असते : "खात्रीची बातमी आहे बरं का!"

पूर्वी हे चावडीवर आणि पारावर चाले. आता खिशातल्या मोबाइलवर चालते. दिंडीचा मुक्काम पडला, हरिपाठ झाला, की कोणीतरी तो पेटारा उघडतो आणि दहा माथी त्याच्यावर वाकतात. दिवसभर पायांनी जे पुण्य गोळा केले, ते रात्री कानांच्या भोकांतून गळून जाते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची लक्षणे मोजली आहेत. अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग, शांती यांच्या पंक्तीला त्यांनी आणखी एक लक्षण बसविले : अपैशुन. पैशुन म्हणजे चहाडी, दुसऱ्याचे छिद्र त्याच्या पाठीमागे तिसऱ्याला दाखविणे. ते ज्याच्या ठिकाणी नाही, तो दैवी संपत्तीचा मनुष्य. आपण अहिंसेवर पुष्कळ बोलतो, सत्यावर बोलतो. अपैशुनावर मात्र घाईने पुढे सरकतो. कारण उघड आहे. ते आपल्याला सोसत नाही.

आता शास्त्राची एक गोष्ट सांगतो, ती सोपी आहे. कोणतीही गोष्ट खरी कशी ठरवावी याचा विचार नैयायिकांनी केला. त्यांनी चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणाचाही शब्द नाही, आप्ताचा शब्द. ज्याला ती वस्तू ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी जो सांगतो, तो आप्त. मग प्रश्न निघाला की, "लोक असे म्हणतात" याला काय म्हणावे? त्याला नाव आहे ऐतिह्य. मूळ सांगणारा कोण ते कोणालाच ठाऊक नाही, फक्त सांगणे पुढे पुढे चालत आले आहे. याचे ठरलेले उदाहरण असे की, या वडावर यक्ष राहतो. कोणी पाहिला? ठाऊक नाही. कोणी सांगितले? सगळेच सांगतात. नैयायिकांनी निर्णय दिला की मूळ बोलणारा आप्त आहे असे कळले तर ते शब्दप्रमाणात जाईल. तो कळलाच नाही तर त्याला वेगळे प्रमाण म्हणून बसायला पाट मिळणार नाही. मोबाइलवर ढकलत ढकलत आलेली प्रत्येक कंडी ही त्या वडावरचा यक्ष आहे. शंभर लोकांनी सांगितले म्हणून यक्ष शंभर होत नाहीत, आणि एकही होत नाही.

कोणी म्हणेल, "बुवा, आम्ही भोळी माणसे, आम्हांला फसवतात. मोठी माणसे फसत नाहीत." अहो, तसे नाही. २२ मार्च १९७९ रोजी लोकसभेत खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची वार्ता सांगितली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. आणि त्या वेळी जयप्रकाशजी मुंबईच्या रुग्णालयात जिवंत होते! ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. सांगणारा सत्यनिष्ठ होता, पण त्याने स्वतः पाहिले नव्हते. आपल्या मराठी रंगभूमीचे विक्रम गोखले नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात अत्यवस्थ होते. त्यांच्या मृत्यूची खोटी वार्ता देशभर पसरली आणि ते अजून आहेत हे सांगण्याची वेळ घरच्यांवर आली. २६ नोव्हेंबरला ते गेले. ज्या घरात मनुष्य शेवटचे श्वास घेतो आहे, त्या घराच्या दारात आपण तिरडी बांधायला बसलो, याहून मोठे पाप कोणते? आणि ती वार्ता पुढे ढकलणारा प्रत्येक जण मनात म्हणत होता की मी काय केले, मी फक्त पुढे सांगितले.

आता मुख्य आख्यान. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, छपन्नाव्या आणि सत्तावन्नाव्या अध्यायांत स्यमंतक मण्याची कथा आहे. सत्राजिताला सूर्याने मणी दिला. तो मणी राजा उग्रसेनाला द्यावा, असे श्रीकृष्णाने सुचविले. सत्राजिताने दिला नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परत आला नाही. सत्राजित बोलून गेला, कृष्णानेच मारले असावे. झाले! द्वारकेत कानातून कानात कुजबुज सुरू झाली.

सज्जनहो, कंडी कशी पिकते ते इथे नीट पाहा. कृष्णाने मणी मागितला होता, हे खरे. प्रसेन परतला नाही, हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये जी रिकामी जागा होती, ती लोकांनी आपल्या मनाने भरली. बी खरे, रान रिकामे, आणि खत आपल्याच मनातल्या लोभाचे. ज्याला स्वतःला मण्याचा लोभ आहे, त्यालाच वाटते की कृष्णाने मण्यासाठी खून केला असेल. म्हणून एखाद्या मोठ्या माणसाविषयी आपण कोणती कंडी चटकन खरी मानतो, ते तपासावे. त्या माणसाचे काही कळो न कळो, आपल्या मनात काय साचले आहे ते नक्की कळते.

भगवंतांनी काय केले? रागावले नाहीत, सत्राजिताच्या घरचे काही उकरून काढले नाही. नगरातली माणसे बरोबर घेतली आणि प्रसेनाच्या वाटेचा माग काढीत रानात गेले. प्रसेन व घोडा सिंहाने मारलेले दिसले. पुढे सिंह मेलेला दिसला, तो एका अस्वलाने मारलेला. ते अस्वल म्हणजे जांबवान. लोकांना बाहेर बसवून भगवंत त्याच्या गुहेत शिरले. बारा दिवस लोक थांबले आणि कंटाळून निघून गेले. आत युद्ध चालले अठ्ठावीस दिवस! कंडी पिकवायला एक क्षण लागला. ती खोटी ठरवायला प्रत्यक्ष परमात्म्याला अठ्ठावीस दिवस झुंजावे लागले. मग ज्याच्या मागे जांबवती नाही, सभा नाही, सेना नाही, अशा साध्या माणसावर किटाळ आले तर त्याने काय करावे? कित्येक जण ते झाडण्याआधीच संपून जातात.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. पुढे तोच मणी अक्रूराकडे गेला, तेव्हा थोरले बंधू बलराम यांच्याही मनात शंका राहिली. ती फिटावी म्हणून भगवंतांनी अक्रूराला मणी सर्वांसमक्ष दाखवायला सांगितले. कलंक पुसला तरी त्याचा डाग सख्ख्या भावाच्या मनात राहतो.

हे द्वारकेचे झाले. आता आपल्या पायाखालची माती पाहू. आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधूकाठी नरसी आहे. १२७० साली नामदेवराय तिथे जन्मले, असे आपण मानतो. आणि आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, जिथे विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला. हे विसोबा पूर्वी कोण? परंपरा सांगते, आळंदीत ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणारे ते विसोबा हेच. संन्याशाची पोरे म्हणून त्यांनी त्या लेकरांना हिणवले, मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही. मग आता ही पोरे काय करतात ते पाहू, म्हणून त्यांच्या घरात डोकावले. दोष पाहायला डोकावले आणि ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजताना दिसले. तिथे चहाडखोर मेला आणि विसोबा जन्माला आला.

पुढे नामदेवराय औंढ्याला आले, तो काय? म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला! हे ऐकीव नव्हते, डोळ्यांनी पाहिलेले होते. नामदेव तसेच मागे फिरून गावात सांगत सुटले असते, तर लोकांनी विश्वास ठेवला असता आणि सांगणे शब्दाने खोटेही नसते. पण गुरू मात्र हातचा गेला असता. नामदेवांनी ज्याचे त्यालाच तोंडावर विचारले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय नेले तिकडे लिंग दिसू लागले. विचारले म्हणून ज्ञान झाले.

आणि त्याच नामदेवांवर काय बालंट आले पाहा. तरुणपणी ते वाटमारी करीत, चौऱ्याऐंशी स्वार त्यांनी मारले, औंढ्याच्या देवळात एका अनाथ बाईचा आक्रोश ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला, अशी कथा पुस्तकांतून छापली गेली. तिचा आधार नामदेवांच्या नावावरचा एक अभंग. पण त्यांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या व इतरांच्या रचना मिसळल्या आहेत, म्हणून अनेक अभ्यासकांनी ही कथा नाकारली. काही लोक ती चांगल्या हेतूने सांगतात, पापीही तरतो हे दाखवायला. हेतू चांगला म्हणून साक्ष खरी होत नाही. ज्यांची एकसष्ट पदे शीख बांधव गुरू ग्रंथसाहिबात मस्तकी धरतात, त्यांच्या हाती विनापुरावा तलवार देऊ नये.

इथे चतुर श्रोता म्हणेल, "बुवा, तुम्ही कीर्तनात सांगता तेही ऐतिह्यच की!" खरे आहे. म्हणून आम्ही "परंपरा सांगते" असे म्हणावे आणि सांगावे ते असे की ज्याने कोणा जिवंत माणसाचे घर जळत नाही. ज्याने ऐकणाऱ्याला स्वतःचा दोष दिसतो ती आख्यायिका, ज्याने दुसऱ्याचा दोष चघळता येतो ती कंडी.

दुसरा म्हणेल, "मग पुढाऱ्यांनी काहीही करावे आणि आम्ही गप्प बसावे?" मुळीच नाही. तलावाचा, रस्त्याचा, रेशनाचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून विचारा. २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, अर्ज लिहा. एखाद्या मंत्र्याने, सावकाराने, फार काय माळ घातलेल्या महाराजाने कोणा लेकीसुनेवर अत्याचार केला असेल, तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा आणि साक्ष द्या. ते झाकणे हा अधर्म आहे. पण ठाण्यात जायचे नाही, सभेत बोलायचे नाही, आणि ओट्यावर कुजबुजायचे, याने दोषी सुटतो आणि निर्दोष बुडतो. कुजबुज ही अन्याय करणाऱ्याला सोयीची असते. खऱ्या तक्रारीलाही मग लोक कंडीच समजतात.

आणि गोष्ट खरी असली तरी ती बोलण्याचा परवाना मिळत नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि परत संसार केला, हे खरेच होते. पण गुरूच्या आज्ञेने परतले, हा उरलेला अर्धा भाग लोकांनी कानाआड केला. परिणाम काय झाला? आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते, आणि चार लेकरे पोरकी झाली. अर्धे सत्य घेऊन गाव शहाणे झाले.

म्हणून यंदाच्या वारीला एक नेम धरा. कोणी कोणाच्या घरातले सांगू लागला की तीन प्रश्न विचारा : तू पाहिलेस काय? ज्याचे त्याला विचारलेस काय? मला सांगून कोणाचे भले होणार? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर ते कानातून मनात आणि बोटातून पुढच्या मोबाइलवर जाऊ देऊ नका. बोलणारा शेजारी असेल तर रागावू नका, टाळ उचला आणि हरिपाठ सुरू करा. तो आपोआप गप्प होईल, कदाचित पाठीमागे म्हणूही लागेल.

औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, असे आपण अभिमानाने सांगतो. देऊळ फिरविणे आपल्या हाती नाही. निंदा चालली असताना आपली मान फिरविणे मात्र आपल्या हाती आहे. तेवढे साधले तरी कानाला माळ पडली असे समजावे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.